फतवा

फतवा : इस्लामी धर्मशास्त्राच्या आधारे, विचारलेल्या प्रश्नावर जाणकाराने दिलेले मत. मत देणारा तो मुफ्ती, विचारणारा मुस्तफ्ती, लेखी प्रश्न म्हणजे इस्तिफ्ता आणि हे काम जिथे चालते ती कचेरी दारुल इफ्ता. घरांत मात्र ‘मुफ्तीसाहेबांना मसला विचारून घ्या’ एवढेच म्हटले जाते. पक्षकारांना बांधून घेणारा निवाडा देणे हे काजीचे काम. मुफ्ती सल्ला देतो आणि तो मानायचा की नाही हे विचारणाऱ्याच्या श्रद्धेवर सोडलेले असते. खळबळजनक फतव्यांच्या बातम्या होतात. दारुल इफ्तात येणारे बहुतेक प्रश्न मात्र साधे, घरगुती असतात : इंजेक्शन घेतल्याने रोजा तुटतो का, बँकेच्या व्याजाचे काय करायचे, वडिलांच्या घरात बहिणीचा वाटा किती.

लेखी फतव्याला ठरलेला साचा आहे. प्रश्नात खऱ्या व्यक्तींची नावे न देता पुरुषासाठी जैद वा बकर आणि स्त्रीसाठी हिंदा अशी कल्पित नावे वापरण्याची जुनी रीत आहे. उत्तराखाली ‘वल्लाहु आलम’ म्हणजे ‘खरे काय ते अल्लाहच जाणे’ असे लिहून मुफ्ती सही करतो. उत्तर सांगितलेल्या परिस्थितीपुरते असते. हकिगत बदलली की मतही बदलते, म्हणून एकाला मिळालेला फतवा दुसऱ्याने जसाच्या तसा आपल्याला लावून घेणे धोक्याचे असते.

भारतातील बहुसंख्य सुन्नी हनफी मजहबाचे (धर्मशास्त्रीय विधिपरंपरेचे) आहेत. औरंगजेबाच्या काळात विद्वानांच्या मंडळाने सिद्ध केलेला ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी मतांचा मोठा संग्रह असून त्या मंडळाचे प्रमुख शेख निजाम हे बुऱ्हाणपूरचे होते. १८६६ मध्ये स्थापन झालेले देवबंदचे दारुल उलूम आणि बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांची परंपरा, या दोहोंचे अनेक खंडांचे फतवासंग्रह आहेत. कोकणी मुसलमान मात्र पिढ्यान्‌पिढ्या शाफई मजहब पाळत आले आहेत. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे त्याच परंपरेतले विद्वान.

त्यामुळे महाराष्ट्रात एकाच प्रश्नाची दोन प्रामाणिक उत्तरे शेजारीशेजारी नांदतात. शाफई मतानुसार वस्तूची सावली (मध्यान्हीची मूळ सावली वगळून) वस्तूएवढी झाली की अस्रच्या (दुपारनंतरच्या) नमाजाची वेळ लागते. हनफींच्या प्रचलित मताप्रमाणे ती दुप्पट व्हावी लागते. प्रवासात जुहर (दुपारची नमाज) आणि अस्र एकत्र पढण्याची मुभा शाफईंना आहे, हनफींना ती हजचे ठरावीक प्रसंग सोडता नाही. हनफी मतात जलचरांपैकी फक्त मासे खाण्यास योग्य, म्हणून कोलंबी मासा ठरते की नाही यावर हनफी विद्वानांत वाद आहे. रत्नागिरी-रायगडच्या शाफई घरात हा प्रश्न पडतच नाही. पत्नीचा स्पर्श झाल्यास शाफई मतात वजू (नमाजापूर्वीची शुद्धी) मोडतो, हनफी मतात मोडत नाही. हजच्या गर्दीत स्त्री-पुरुषांचा स्पर्श टळत नसल्याने तवाफ (काबेची प्रदक्षिणा) करताना अनेक शाफई यात्रेकरू हनफी मताचा आधार घेतात, आणि विद्वानही तशी सवलत देतात.

पैशांचे प्रश्न रमजानमध्ये वाढतात, कारण बरेच जण त्या महिन्यात जकात (अनिवार्य दान) काढतात. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी (सुमारे ८७.५ ग्रॅम व ६१२ ग्रॅम) ही मर्यादा, तेवढी संपत्ती चांद्रवर्षभर हाती राहिली की अडीच टक्के द्यायचे. अंगावरच्या दागिन्यांवर हनफी मतात जकात आहे, शाफई मतात नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर नाही. रोकड कोणत्या मर्यादेने मोजायची हा आज खरा अवघड प्रश्न झाला आहे. चांदी सोन्याच्या मानाने फार स्वस्त झाल्याने चांदीचे माप लावले तर मोजकी शिल्लक असलेले कुटुंबही देणाऱ्यांत येते. बँकेच्या व्याजाविषयी देवबंदी मुफ्ती सहसा सांगतात, की ते बँकेत सोडू नये. काढून पुण्याची अपेक्षा न धरता गरजूला द्यावे.

कौटुंबिक प्रश्नांत फतव्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही उघड होतात. हनफी मतानुसार बेपत्ता नवऱ्याच्या बायकोला त्याच्या वयाची माणसे मरेपर्यंत थांबावे लागे. जाच करणाऱ्या नवऱ्यापासून सुटण्याची वाटही तिच्यासाठी जवळजवळ बंद होती. ब्रिटिश अमलात काही स्त्रियांनी, विशेषतः पंजाबात, विवाह मोडावा म्हणून इस्लाम सोडल्याचे जाहीर केले. तेव्हा अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी मालिकी या दुसऱ्या सुन्नी मजहबाच्या विद्वानांची मते मागवली आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी ‘अल-हीला अल-नाजिझा’ या पुस्तकात अशा स्त्रियांसाठी मालिकी तोडगा ग्राह्य धरला. त्यात बेपत्ता नवऱ्यासाठी थांबण्याची मुदत चार वर्षे होती. १९३९च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात तीच चार वर्षे आली; दोन वर्षे पोटगी न देणे हेही घटस्फोटाचे कारण ठरले. आपल्या मजहबाबाहेर पाहण्याचे धैर्य एका कर्मठ हनफी विद्वानाने दाखवले, ते अडकलेल्या स्त्रियांची हाक ऐकून. शरिअत गोठलेली आहे असे मानणाऱ्यांनी, आणि ती तशीच गोठवून ठेवू पाहणाऱ्यांनीही, हे प्रकरण वाचायला हवे.

तिहेरी तलाकच्या बाबतीत असा तोडगा वेळेवर निघाला नाही. एका बैठकीतले तीन तलाक एकच मानण्याचे अहले हदीस पंथाचे मत उपलब्ध होते, पण हनफी मुफ्ती असे तलाक देणे पाप म्हणत आणि तरीही तलाक लागू झाला असेच लिहून देत. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात स्त्रियांचा मोर्चा काढला तो याच प्रथेविरुद्ध. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१७ मध्ये रद्द ठरवली, २०१९च्या कायद्याने ती गुन्हा ठरली.

वारशात मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा, मुलीला मुलाच्या निम्मा. मृत्युपत्राने एकतृतीयांशाहून अधिक देता येत नाही. मुफ्तीच्या उत्तरात शेतजमीनही याच हिशेबात येते, १९३७च्या शरिअत कायद्याने मात्र ती वगळली आहे. फतव्याला कायद्याचे बळ नाही आणि तो कोणावर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विश्वलोचन मदान खटल्यात स्पष्ट केले. मत मागण्यास वा देण्यास मात्र बंदी घातली नाही.