शिंपल्यांची तावदानं

कॉलेजात मी उजेड शिकले तो आकड्यांत: जमिनीचं क्षेत्रफळ एवढं, म्हणून खिडकी एवढी. उजेडाला पोतही असतो, हे गोव्यातल्या सासष्टीच्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांकडून कळलं.

मे महिन्यात एका जुन्या घराची मापं घ्यायला गेले होते. बाहेर डोळे उघडवत नव्हते. आत दिवाणखान्यात मात्र सायीसारखा मऊ उजेड, आणि तांबड्या कोब्यावर त्याची गुलाबी झाक. खिडकीला काच नव्हतीच. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत चौकोनी शिंपले ओळीनं बसवले होते. काकांनी एक सरकवून माझ्या हातावर ठेवला. “बाय, खिळा लागत नाही नि लांबीही.”

हा शिंपला खाडीच्या चिखलात वाढतो. चपटा आणि इतका पातळ, की मागं धरलेली बोटं सावलीसारखी दिसतात. त्याच्या अंगात थरावर थर असतात. ऊन त्या थरांवर आपटत, परतत, विखरत आत येतं. म्हणून उजेड मिळतो, पण रस्त्यावरच्याला घरातलं माणूस दिसत नाही.

पोर्तुगीज अमलात काच समुद्रापलीकडून यायची, महाग पडायची. शिंपला दारातल्या खाडीत होता. ही रीत गोव्यापुरतीही नव्हती. 1673 मध्ये मुंबईत उतरलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर तिथल्या खिडक्यांना काचेऐवजी चौकोनी कापून घासलेले शिंपले असल्याचं लिहून ठेवतो. पुढं काच स्वस्त झाली आणि मुंबई ते विसरूनही गेली.

आज पुण्यात माझ्याकडं येणाऱ्यांना भिंतभर काच हवी असते. घर ताब्यात मिळालं की महिन्याभरात ते तिच्यावर जाड पडदे सोडतात, आणि भरदुपारी आत दिवे लागतात. आता घराचा नकाशा काढताना मी आधी विचारते: इथं उजेड किती हवा, हे राहू दे, कसा हवा?

शिंपला मात्र मला वापरता येत नाही. 2001 पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मग काका दुरुस्ती कशी करतात? त्या दिवशी विचारल्यावर त्यांनी पत्र्याचा डबा उघडला. पडलेल्या घरांच्या झडपांतून जपून काढलेली तावदानं होती, काही पिवळट, काही दुधी.

“ही लोटलीची, ही कुडतरीची,” म्हणत त्यांनी एक निवडलं, फडक्यानं पुसलं आणि रिकाम्या खाचेत सरकवलं.