साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

मराठी वाचकाला प्लेग आठवतो तो पुण्याचा. रँड, चापेकर बंधू आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई. पण ही साथ त्याआधी मुंबईत आली होती आणि मुंबईच्या रस्त्यांवर, इमारतींवर तिने कायमच्या खुणा ठेवल्या. गेली काही वर्षे मी त्या खुणांचा माग काढते आहे. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. जुने अहवाल, नकाशे आणि पायपीट एवढ्यावरच माझा अभ्यास चालतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. तेव्हाची मुंबई गिरण्या आणि गोदीच्या जोरावर वाढत होती. कोकणातून, देशावरून आलेला कामगार चाळीतल्या एकेका खोलीत दाटीने राहत होता. साथ पसरताच लाखो लोक शहर सोडून गेले. १८९१ च्या जनगणनेत ८ लाख २१ हजार असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली.

सरकारने १८९८ साली कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला. रोगाचे मूळ ओल, अंधार आणि कोंदट हवा यांत आहे, अशी त्या वेळची समजूत होती. म्हणून ट्रस्टने नागपाड्यापासून सुरुवात करून दाट वस्त्या पाडायला घेतल्या. समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. गंमत अशी की त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, असे मांडले होते. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर पाडापाडी सुरूच राहिली. ज्यांच्या खोल्या गेल्या त्यांना कामाच्या जागेपासून लांब जाणे परवडणारे नव्हते. ते शेजारच्या गल्लीत शिरले आणि तिथली दाटी वाढली.

एवढ्यावरून ट्रस्टला निकालात काढणे सोपे आहे, आणि बरेच जण तसे करतात. मला मात्र ट्रस्टच्या कारभारातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. १९१२ साली ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्यांनी हिरिरीने मांडला. नियम साधा आहे. खोलीच्या तळाशी, बाहेरच्या भिंतीपाशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. म्हणजे समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने कोणालाही हे तपासता यावे.

प्लेगच्या दृष्टीने या नियमाचा उपयोग मर्यादित होता. पिसवेला कोनाशी देणेघेणे नसते. पण क्षयाची गोष्ट वेगळी. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, कोंडलेल्या खोलीत टिकून राहतात, ऊन आणि खेळता वारा असला की कमी होतात. प्लेगच्या धाकाने झालेला नियम क्षयाला अचूक लागू पडत होता.

हा उजेड मिळाला कोणाला? ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखलेल्या वसाहतींत रस्ते रुंद आहेत, इमारती बेताच्या उंचीच्या आहेत, मध्ये झाडे आहेत. तिथे पांढरपेशा मध्यमवर्ग राहायला गेला. गिरणगावातला कामगार कोंदट खोलीतच राहिला. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

पुढे १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. पक्के घर फुकट मिळणार होते. त्या बदल्यात पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांतून सवलती मिळाल्या. रस्ते-रेल्वे प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी मानखुर्द-गोवंडीकडे वसाहती उठल्या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांसह केला. उजेड आणि हवा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसले. काही ठिकाणी दोन इमारतींमधले अंतर अवघे तीन मीटर आहे.

ऑरसाहेबांचा कोन इथे लावून पाहावा. तीन मीटर अंतराला सहा मीटरची, म्हणजे दुमजली इमारत चालली असती. आठ मजल्यांची इमारत धरली, तर उंची चोवीस मीटर होते आणि कोन त्र्याऐंशी अंशांच्या घरात जातो. तळमजल्यावरच्या बाईला भर दुपारी दिवा लावूनच स्वयंपाक करावा लागणार.

झोपडीतून पक्क्या घरात आणले, की गरिबाच्या आरोग्याचा प्रश्न सुटला असे धरून धोरणे आखली जातात. किती घरे दिली याचा आकडा जाहीर होतो. त्या घरांत ऊन किती येते याचा होत नाही. ट्रस्टच्या साहेबांना रोगाचे कारण नीटसे कळले नव्हते, तरी कोन मोजावा हे कळले होते. आपल्याला कारण पक्के ठाऊक आहे. मग सवलत द्यायची ती चटईक्षेत्रात द्यावी, कर्जात द्यावी, जमिनीच्या भावात द्यावी. उजेडात देऊ नये. ती सवलत बिल्डरच्या हिशेबात जमा होते आणि पहिल्या मजल्यावरच्या पोराच्या फुप्फुसातून वसूल होते.