कमलाबाई, बटाटा आणि वालाची उसळ

आमच्या अणदूरला खंडोबाचं ठाणं आहे, त्यामुळे चंपाषष्ठीचं भरीत आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. चातुर्मासापासून सोडलेलं वांगं त्या दिवशी पुन्हा ताटात येतं. भरताचं वांगं आपण सबंध भाजतो. भाजीचं मात्र चिरून लगेच पाण्यात टाकतो, नाहीतर ते काळं पडतं. हे काळं पडणं म्हणजे विकराचं काम. विकर हा शाळेच्या पुस्तकातला शब्द. डॉक्टर त्याला एन्झाइम म्हणतात.

वांग्याच्या पेशीत हे विकर एका कप्प्यात असतं आणि ज्यावर ते काम करतं तो पदार्थ दुसऱ्या कप्प्यात. विळीनं कप्पे फुटले की दोघांची गाठ पडते, हवेतला प्राणवायू येऊन मिळतो आणि फोड काळवंडते. पाण्यात हवा कमी मिळते म्हणून काम मंदावतं. लिंबू पिळलं तर आंबटपणात ते विकर नीट चालत नाही. आणि फोड तापलेल्या तेलात पडली की काम बंदच. कारण विकर म्हणजे ठराविक घडीत दुमडलेलं प्रथिन. 1894 साली एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञानं त्याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. जो पदार्थ त्या घडीच्या खाचेत नेमका बसतो, त्याच्यावरच ते काम करतं. उष्णतेनं घडी मोडली की खाच गेली, आणि उकडलेलं अंडं जसं पुन्हा कच्चं होत नाही तसं तेही पूर्वीसारखं होत नाही. थंडीत मात्र ते फक्त सुस्तावतं. शिवाय काम करून ते स्वतः संपत नाही, दुसऱ्या कामाला मोकळं होतं. म्हणून ते अगदी थोडंसं असलं तरी पुरतं.

विकर हे प्रथिनच असतं, हे मान्य व्हायलासुद्धा वेळ लागला. अमेरिकेतल्या जेम्स सम्नर यांनी 1926 साली अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या दाण्यांतून विकराचे स्फटिक वेगळे काढले. शिकारीतल्या अपघातात त्यांनी तरुणपणीच डावा हात गमावला होता, सगळं काम एका हातानं केलेलं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. नोबेल मिळायला 1946 उजाडलं.

पण आज आम्हाला सांगायचं आहे ते कमला सोहोनी यांच्याबद्दल. माहेरच्या त्या भागवत, लेखिका दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रातले. 1933 साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथले संचालक सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी प्रवेश नाकारला, कारण एकच, मुलगी. कमलाबाई थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. एक वर्ष परीक्षेवर राहायचं, सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. ही शेवटची अट आम्हाला आजही झोंबते. लक्ष ज्यांचं विचलित होणार, त्यांना अट नाही! वर्षभरात रामन यांची खात्री पटली आणि पुढे त्या संस्थेत मुलींना घेऊ लागले. कमलाबाईंनी तो अपमान मात्र विसरला नाही, म्हातारपणीही त्या स्पष्ट बोलून दाखवत.

बंगळूरला त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं आणि मग त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तिथे डेव्हिड केलिन यांनी 1925 साली सायटोक्रोम नावाचे पदार्थ दाखवून दिले होते. आपण घेतलेला श्वास पेशीच्या उपयोगी पडतो तो विकरांच्या एका साखळीमुळे, आणि त्या साखळीतली एक कडी म्हणजे सायटोक्रोम सी. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करता करता दाखवलं की ही कडी वनस्पतींतही असते. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं.

बटाट्यातल्या त्या कडीचा आपल्या गोठ्याशी काय संबंध? आहे. सोयाबीन कितीही वाढलं तरी ज्वारी आपल्याकडची. कोवळ्या, गुडघ्याखालच्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत जनावर शिरलं तर दगावतं, हे जुन्या बायकांना ठाऊक आहे. तिथेही वांग्यासारखीच गोष्ट घडते. पानात एक पदार्थ आणि त्याला फोडणारं विकर वेगवेगळ्या जागी असतात. गाईनं चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. ते सायनाइड जाऊन अडवतं कुणाला? श्वासाच्या साखळीतल्या शेवटच्या विकराला, सायटोक्रोम सीच्या पुढच्याच कडीला. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, रक्त लालभडक दिसतं, पण पेशींना तो वापरताच येत नाही. म्हणून जनावर धापा टाकायला लागलं की घरगुती उपायात वेळ घालवू नका, लगेच पशुवैद्यकाला बोलवा. यावरचं इंजेक्शन आहे, पण ते मिनिटांच्या हिशेबानं द्यावं लागतं. पूर्ण वाढलेल्या ज्वारीच्या नीट वाळलेल्या कडब्याची अशी भीती नसते.

कमलाबाई 1939 साली परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करून लग्नानंतर त्या मुंबईला विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. इथे त्यांनी जे काम केलं ते आमच्या मते आपल्या चुलीच्या सगळ्यात जवळचं. आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन नावाचं विकर स्वादुपिंडातून येतं. कच्च्या कडधान्यात या ट्रिप्सिनच्या खाचेत जाऊन अडकणारं दुसरंच एक प्रथिन असतं. कुलपात मोडकी किल्ली बसावी तसं. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाल आणि डबल बी यांच्यातून हे अडवणारे पदार्थ स्फटिकरूपात वेगळे केले. त्यांचं हे काम 1955 साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. शिजवल्यावर या पदार्थांचा जोर बहुतेक ओसरतो. वाल रात्रभर भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मऊ शिजवायचे, ही सासूबाईंची पद्धत म्हणूनच लेकराच्या अंगी लागते. मोडाची उसळ कच्चटच बरी, असा हल्ली समज पसरतो आहे. वालाच्या बाबतीत तरी तो ऐकू नका. लहान मूल आणि बाळंतीण असलेल्या घरात तर नाहीच.

त्यांचं दुसरं गाजलेलं काम नीरेवरचं, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून घेतलेलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भार बायकांना नीरेचा उपयोग होतो, असं त्यांना आढळलं. मात्र ती पहाटेच उतरवून गार ठेवावी लागते. ऊन चढलं की त्यातल्या खमिराची विकरं जोमानं कामाला लागतात आणि नीरेची ताडी होते. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत उतरल्या आणि तिच्या मासिकातून लिहीत राहिल्या. 1998 साली दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला होता. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.