फ्रँक घसरला त्या काळचे पॅरिस

१९२०च्या दशकात पॅरिसला येऊन राहिलेल्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या परदेशी लेखकांच्या आठवणी सलग वाचत गेले की एक गोष्ट खटकू लागते. या पुस्तकांत कॅफे आहेत, सीन नदी आहे, थंडी आणि भूक आहे. फ्रेंच माणसे फारशी नाहीत. असलीच तर वेटर, दरवान, मोलकरीण. गर्ट्रूड स्टाइनने तर आजूबाजूला फ्रेंच बोलले जात असल्यामुळे आपल्या इंग्रजीबरोबर एकटे राहता येते, हा त्या शहरातल्या वास्तव्याचा फायदाच मानला होता.

हे एकटेपण स्वस्तात मिळत होते. पहिल्या महायुद्धापूर्वी एका डॉलरला पाच फ्रँक येत; १९२२ मध्ये बाराच्या आसपास, आणि जुलै १९२६ मध्ये जवळजवळ पन्नास. वर्षाला हजार डॉलरमध्ये पॅरिसात कसे राहता येते, यावर हेमिंग्वेने १९२२ मध्ये टोरंटोच्या 'स्टार'मध्ये लेखच लिहिला होता. त्याची पत्नी हॅडली हिला घरच्या पैशातून वर्षाला त्याच्या सुमारे तिप्पट उत्पन्न येत असे. कार्दिनाल लमॉन रस्त्यावरच्या त्यांच्या बिऱ्हाडात गरम पाण्याची सोय नव्हती हे खरे, पण कामाला बाई होती. त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ मध्ये आलेल्या 'अ मूव्हेबल फीस्ट'मधली गरिबी म्हणून जरा जपून वाचावी. ती खोटी नाही, पत्करलेली आहे. फ्रँकमध्ये पगार किंवा पेन्शन घेणाऱ्या पॅरिसकरांना असे काही पत्करण्या-नाकारण्याची मुभा नव्हती. जुलै १९२६ मध्ये रस्त्यांवर परदेशी पर्यटकांच्या बसगाड्यांची हुर्यो उडाली, ती उगाच नव्हे.

या काळातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे माणूस फ्रेंच आहे : आद्रिएन मोनिए. तिचे वडील टपालखात्यात, रात्रीच्या आगगाडीत पत्रांची वर्गवारी करत. अपघातात जखमी झाल्यावर मिळालेली दहा हजार फ्रँकची भरपाई त्यांनी मुलीला देऊन टाकली, आणि त्यातून १९१५ मध्ये ओदेओं रस्त्यावर तिचे ग्रंथालय-दुकान उभे राहिले. सिल्व्हिया बीचने १९१९ मध्ये 'शेक्सपिअर अँड कंपनी' काढली ती आईने अमेरिकेहून पाठवलेल्या तीन हजार डॉलरवर. त्या वेळच्या दराने ही रक्कम मोनिएच्या भांडवलाच्या दुपटीहून अधिक होती. धंदा मात्र बीच मोनिएकडूनच शिकली, आणि १९२१ मध्ये तिच्या समोरच दुकान घेऊन आली.

जॉइसच्या 'युलिसिस'साठी छापखाना सुचला तोही मोनिएच्या ओळखीतला, दिजों गावचा दारांतिएर. तिथल्या जुळाऱ्यांना इंग्रजी येत नव्हते. जॉइस तर प्रुफांवरच लिहीत सुटला. पुस्तकाचा सुमारे तिसरा हिस्सा असा समासात वाढला. न कळणाऱ्या भाषेतले, न कळण्याबद्दलच प्रसिद्ध होणारे पुस्तक त्या माणसांनी एकेक खिळा उचलून पुन्हा पुन्हा जुळवले. २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, दिजोंच्या गाडीने आलेल्या पहिल्या दोन प्रती बीचने स्टेशनवर उतरवून घेतल्या. मुद्रणदोषांबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे, अशी विनंती पुस्तकात छापलेली आहे. जुळाऱ्यांची नावे त्यात नाहीत. अनुवादकाला हे सवयीचे असते.

मोनिएने रस्ता दोन्ही दिशांनी खुला ठेवला. १९२५ मध्ये काढलेल्या 'ल नाव्हिर दार्जां' या मासिकात तिने आणि बीचने मिळून केलेला एलियटच्या 'प्रुफ्रॉक'चा फ्रेंच अनुवाद आला. पुढच्या वर्षी हेमिंग्वेची 'द अनडिफीटेड' ही कथा फ्रेंचमध्ये आली. फ्रेंच 'युलिसिस'ही १९२९ मध्ये तिनेच प्रकाशित केले. मासिक बारा अंकांनंतर बंद पडले. झालेले कर्ज फेडण्यासाठी मे १९२६ मध्ये तिने स्वतःच्या संग्रहातली पुस्तके लिलावात काढली. लेखक मित्रांनी सही करून दिलेल्या प्रतीही त्यांत गेल्या, आणि त्यांचे पैसे आले ते फ्रँकमध्ये.