एक कार्ड, तीन पत्ते

लॅबमधल्या जुन्या लिनक्स सर्व्हरच्या एकाच नेटवर्क कार्डावर आम्ही तीन आयपी पत्ते ठेवले होते. पहिला आता लागत नाही म्हणून मी तो काढला, आणि उरलेले दोनही गेले! रिमोट लॉगिन तुटलं. रात्री हॉस्टेलवरून लॅबमध्ये जाऊन सर्व्हरला कीबोर्ड-मॉनिटर जोडावा लागला. चूक माझीच होती, पण असं का झालं हे शोधता शोधता मी इतिहासात शिरले.

तुम्ही कुणालाही विचारा, एका कार्डाला अनेक पत्ते का लागले? उत्तर येतं: वेब होस्टिंगमुळे. त्यात तथ्य आहे. मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ म्हणून नोंदवलेल्या एचटीटीपी १.० मध्ये ब्राउझर फक्त पान मागायचा, कुठल्या साइटचं ते सांगणं बंधनकारक नव्हतं. सर्व्हरला ओळखायला एकच खूण उरायची, ती म्हणजे विनंती कुठल्या पत्त्यावर आली. दहा साइट, दहा पत्ते. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने 'होस्ट' हेडर सक्तीचा केला. तरी एचटीटीपीएसची अडचण राहिलीच, कारण प्रमाणपत्र आधी दाखवावं लागतं आणि हेडर नंतर येतो. त्यावरचा एसएनआय हा तोडगा २००३ मध्ये आला.

पण आता मूळ कागद उघडा. सप्टेंबर १९८१ चा आरएफसी ७९१, म्हणजे आयपीचं मूळ विनिर्देशनच. एका यंत्राला अनेक पत्ते घेऊन अनेक यंत्रांसारखं वागता आलं पाहिजे, आणि प्रत्येक इंटरफेसला अनेक पत्ते असू शकतात, असं त्यात स्पष्ट आहे. वेबचा प्रस्तावच मुळी १९८९ चा! म्हणजे कल्पना आधीची, वेबने फक्त गरज निर्माण केली.

मग 'एक कार्ड, एक पत्ता' हे आपल्या डोक्यात बसलं कुठून? माझ्या मते, हत्यारामुळे. इफकॉन्फिग ही आज्ञा १९८३ च्या ४.२ बीएसडीमधली. तिच्यामागच्या रचनेत एक नाव आणि एक पत्ता एवढीच जागा. दुसरा पत्ता द्यायचा तर दुसरं नाव हवं. म्हणून लिनक्सवर 'ईथ०:०' अशी टोपणनावं आली. १९९६ च्या २.० कर्नलमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय निवडून कर्नल कंपाइल करावा लागे.

जानेवारी १९९९ च्या २.२ कर्नलमध्ये चित्र पालटलं. अलेक्सेई कुझनेत्सोव यांच्या कामामुळे इंटरफेसला थेट पत्त्यांची यादीच जोडली गेली, आणि ती हाताळायला 'आयपी' ही आज्ञा आली. 'ईथ०:०' उरलं ते पत्त्यावर चिकटवलेली चिठ्ठी म्हणून, जुनी हत्यारं चालावीत एवढ्यासाठी. कर्नलचे स्वतःचे दस्तऐवजही या पद्धतीला कालबाह्य म्हणतात. गंमत अशी की 'आयपी'ने चिठ्ठीशिवाय दिलेला जादा पत्ता इफकॉन्फिगला दिसतच नाही. प्रयोगाच्या नोंदीत तुम्ही फक्त इफकॉन्फिगचं आउटपुट जपलं असेल, तर ती नोंद अपुरी असू शकते. (माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत तेच आहे.)

आता माझी भानगड. या यादीत एकाच सबनेटमधला पहिला पत्ता प्रमुख ठरतो, पुढचे दुय्यम. प्रमुख काढला की दुय्यमही जातात. 'प्रोमोट सेकंडरीज' हा पर्याय चालू असेल तर पुढच्याला बढती मिळते. आमच्या सर्व्हरवर तो बंद होता. सिस्टमडी वापरणाऱ्या वितरणांत सहसा चालू असतो.

आयपीव्ही६ मध्ये तर अनेक पत्ते हाच नियम आहे, कारण लिंक-लोकल पत्ता असावाच लागतो आणि बाकीचे त्याच्या जोडीला. आत्ताच लिनक्सवर 'आयपी ॲड्र' चालवा आणि सगळ्यात वरचा 'एलओ' बघा. आयपीव्ही६ बंद केलेलं नसेल, तर तिथेच दोन पत्ते दिसतील.