पडद्यावरचे सत्तांतर

६ एप्रिल २०११ रोजी ‘ग्नोम’ या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि लिनक्स वापरणाऱ्यांत मोठा वाद पेटला. वादाचे विषय वरवर पाहता क्षुल्लक होते: खिडकीच्या कोपऱ्यातली दोन बटणे, पडद्याच्या तळाची एक पट्टी. पण अशा क्षुल्लक भांडणांतच पुष्कळदा हक्काचे प्रश्न दडलेले सापडतात. म्हणून या प्रकरणाची छाननी करावीशी वाटली.

आधी थोडा खुलासा. विंडोजमध्ये मूळ यंत्रणा आणि पडद्यावरची मांडणी एकत्रच येतात. लिनक्समध्ये त्या वेगळ्या आहेत. घर तेच ठेवून आतली मांडामांड बदलावी, तसा डेस्कटॉप बदलता येतो. १९९६ मध्ये मात्तियास एट्रिख या जर्मन तरुणाने ‘केडीई’ हा डेस्कटॉप सुरू केला. तो ज्या ‘क्यूटी’ नावाच्या सामग्रीवर उभा होता, तिचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोमचा आरंभ केला. ग्नोमचा जन्मच मुळी हक्काच्या प्रश्नातून झालेला आहे.

२००२ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती जवळजवळ नऊ वर्षे नांदली. वर-खाली दोन पट्ट्या, त्यांवर आपल्याला हवी ती चिन्हे. जुन्या कागदपत्रांवर मी काम करत असे ते याच मांडणीत. एका बाजूला स्कॅन केलेले पान, दुसऱ्या बाजूला टिपणे आणि खालच्या पट्टीत उघड्या खिडक्यांची नावे. हात न बघता योग्य जागी जाई.

तिसऱ्या आवृत्तीत खालची पट्टी गेली. खिडकी लहान-मोठी करण्याची बटणे गेली, फक्त बंद करण्याचे उरले. पडद्यावर फाइली मांडून ठेवण्याची सोय बंद झाली. संगणक बंद करण्याचा पर्यायसुद्धा मेनूत ऑल्ट कळ दाबून धरली तरच दिसे. हे करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. वाढवलेला प्रत्येक पर्याय तपासावा लागतो, सांभाळावा लागतो आणि नवख्याला तो गोंधळात टाकतो; पडदा मोकळा असला की लक्ष कामावर राहते, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका नवी नव्हती. २०११ मध्ये ज्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लोक हळहळले, तिच्यावरही २००२ मध्ये पर्याय छाटल्याचा आरोप झाला होता. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २००५ मध्ये याच कारणावरून ग्नोमवर टीका करून केडीई वापरण्याचा सल्ला दिला होता. २०११ मध्ये तिसरी आवृत्ती न रुचल्याने तो ‘एक्सएफसीई’कडे वळला. कालचे अतिक्रमण आजची परंपरा होते, हा अनुभव इथेही येतो.

नाराजांनी दोन वाटा धरल्या. पहिली वाट वेगळे निघण्याची. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने दुसऱ्या आवृत्तीचा कोड घेऊन ‘माते’ हा डेस्कटॉप सुरू केला. नाव तिकडच्या लोकप्रिय पेयावरून घेतलेले. जुन्या-नव्या भागांची गल्लत होऊ नये म्हणून नावे बदलावी लागली आणि ती स्पॅनिश निघाली: फाइली ठेवणारा ‘काहा’ म्हणजे पेटी, मजकूर लिहिण्याचा ‘प्लुमा’ म्हणजे पिसाची लेखणी, दस्तऐवज वाचण्याचा ‘आत्रिल’ म्हणजे ग्रंथ ठेवायची घोडी.

दुसरी वाट घरात राहून डागडुजी करण्याची. तिसऱ्या आवृत्तीचे वागणे जावास्क्रिप्टमधल्या छोट्या जोडण्यांनी, म्हणजे एक्स्टेन्शन्सनी, बदलता येत होते. डिसेंबर २०११ मध्ये ग्नोमनेच त्यांचे भांडार खुले केले. २०१३ मध्ये अशाच जोडण्यांतून जुन्या वळणाची ‘क्लासिक’ मांडणी अधिकृतपणे दिली गेली आणि २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये तीच मूळ मांडणी ठरली. २०१७ मध्ये उबुंटू ग्नोमकडे परतले, तेही डावीकडची पट्टी एका जोडणीने बसवून.

तुलनेसाठी विंडोज ८ पाहा. २०१२ मध्ये तिथले ‘स्टार्ट’ बटण गेले. बाहेरच्यांनी पूरक साधने बनवली; पण मूळ बटण परतले ते कंपनीने २०१३ मध्ये ठरवले तेव्हा. जुना कोड घेऊन वेगळे निघण्याची वाट तिथे नव्हतीच.

मात्र लिनक्सवरचा हा हक्क आपोआप टिकत नाही. जोडणी कोणत्या आवृत्तीवर चालते ते तिच्यात नोंदवलेले असते. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये जोडण्या लिहिण्याची पद्धतच बदलली आणि त्या सगळ्या दुरुस्त कराव्या लागल्या. ज्यांचे कर्ते थकले, त्या मागे पडल्या. अनुवादाचेही तेच. मूळ वाक्य बदलले की जुना मराठी अनुवाद बाद ठरतो आणि कुणी नवा करीपर्यंत तिथे इंग्रजी दिसते. म्हणून मोठ्या अपग्रेडआधी मी ‘डीकॉन्फ’मधल्या सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवतो, जोडण्यांची यादी करतो आणि नंतर एकेक तपासून चालू करतो.

परवान्याने बदल करण्याचा अधिकार सर्वांना दिला. पण ज्याला कोड लिहिता येत नाही, त्याच्यापर्यंत तो अधिकार पोहोचतो तो दुसऱ्या कुणाच्या तरी रिकाम्या वेळातून. माझ्या पडद्यावरची पट्टी आज जागेवर आहे, याचे कारण न पाहिलेल्या कुणीतरी ती नव्या आवृत्तीसाठी पुन्हा लिहिली आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास लिहिताना संस्थापकांच्या नावांबरोबर या डागडुजीचीही नोंद व्हायला हवी.