घरोघरी नवजात बालसेवा

घरोघरी नवजात बालसेवा ही नवजात बालकाची काळजी, त्याच्या आजाराची ओळख आणि प्राथमिक उपचार बालकाच्या घरीच, गावातील प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकेमार्फत करण्याची पद्धत आहे. जन्मापासूनचे पहिले २८ दिवस हा तिचा मुख्य कालावधी होय. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने इ.स. १९९३ नंतर केलेल्या क्षेत्रप्रयोगातून ही पद्धत आकाराला आली. प्रयोगाचे निष्कर्ष इ.स. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्राथमिक आरोग्यसेवेची गुणवत्ता आणि बालमृत्यू यांच्यातील संबंध तपासणाऱ्या भारतीय संशोधनात या प्रयोगाचा वारंवार उल्लेख होतो. इ.स. २०११ मध्ये भारत सरकारने या पद्धतीवर आधारित राष्ट्रीय कार्यक्रम ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत सुरू केला.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा इ.स. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाच्छादित असून आदिवासी लोकसंख्येचे प्रमाण मोठे आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी इ.स. १९८६ मध्ये येथे ‘सर्च’ची स्थापना केली. दोघांचे वैद्यकीय शिक्षण नागपूर येथे झाले होते. त्यानंतर त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले.

नवजात बालकांवरील प्रयोगापूर्वी संस्थेने बालकांमधील न्यूमोनियाचा अभ्यास केला होता. पालकांना न्यूमोनियाची लक्षणे समजावून देणे आणि निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक व दाया यांच्यामार्फत प्रतिजैविक औषध देणे, असे त्याचे स्वरूप होते. इ.स. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार प्रयोग क्षेत्रात न्यूमोनिया झालेल्या आणि उपचार मिळालेल्या बालकांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलना क्षेत्रात हे प्रमाण १३.५ टक्के होते. अल्पशिक्षित व्यक्तीही योग्य प्रशिक्षणानंतर एका गंभीर आजाराचे निदान व उपचार करू शकते, हे या अभ्यासातून पुढे आले. मात्र बालमृत्यूंचा मोठा भाग जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात घडत होता आणि त्यासाठी न्यूमोनियाचे उपचार पुरेसे नव्हते.

त्या काळी नवजात बालकाच्या गंभीर आजारावर रुग्णालयात दाखल करणे हाच स्वीकृत उपाय मानला जात असे. ग्रामीण गडचिरोलीत तो क्वचितच प्रत्यक्षात येई. रुग्णालय दूर, वाहतुकीची साधने अपुरी आणि उपचाराचा खर्च न पेलणारा होता. शिवाय बाळंतीण व बाळ यांना सुरुवातीचे दिवस घराबाहेर न नेण्याची रीत होती. बहुतेक बाळंतपणे घरीच होत.

अभ्यासाची रचना

प्रयोगासाठी ३९ गावांचे प्रयोग क्षेत्र आणि ४७ गावांचे तुलना क्षेत्र निवडण्यात आले. इ.स. १९९३ ते १९९५ या काळात दोन्ही क्षेत्रांतील जन्म व मृत्यूंची नोंद करून मूळ स्थिती निश्चित करण्यात आली. या काळात नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे प्रयोग क्षेत्रात ६२ आणि तुलना क्षेत्रात ५८ होता. तुलना क्षेत्रात शासकीय आरोग्यसेवा नेहमीप्रमाणे सुरू राहिल्या.

इ.स. १९९५-९६ या पहिल्या वर्षी प्रयोग क्षेत्रातील प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ७६३ नवजात बालकांचे घरी जाऊन निरीक्षण केले. नवजात बालकांना कोणते आजार होतात, याची रुग्णालयाबाहेरची माहिती तोवर फारशी उपलब्ध नव्हती, कारण आजाराचे आकडे प्रामुख्याने रुग्णालयात पोहोचलेल्या बालकांचेच असत. या निरीक्षणात सुमारे ४२ टक्के बालकांचे जन्मवजन कमी आढळले. निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय सेवेची गरज होती, परंतु ती मिळालेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांहून कमी होते. एकूण ४० बालके पहिल्या महिन्यात मृत्यू पावली. पुढील दोन वर्षांत उपचार आणि आरोग्यशिक्षण यांचा टप्प्याटप्प्याने समावेश करण्यात आला.

सेवेचे स्वरूप

आरोग्यसेविका म्हणून त्याच गावातील, लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रिया निवडण्यात आल्या. संस्थेने पुढे त्यांच्यासाठी ‘आरोग्यदूत’ हा शब्द रूढ केला. आरोग्यसेविका गरोदर स्त्रियांची नोंद ठेवीत, बाळंतपणाच्या वेळी दाईसोबत उपस्थित राहत आणि त्यानंतर महिनाभर ठरावीक दिवशी घरी भेट देत. प्रत्येक भेटीत बाळाचे वजन, तापमान, श्वसन आणि स्तनपान तपासून विहित तक्त्यात नोंद केली जाई. कमी वजनाच्या बाळांसाठी उबदार कपडे, झोपण्याची पिशवी आणि वाढीव भेटींची व्यवस्था होती. रक्तस्राव टाळण्यासाठी जन्मानंतर ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले जाई. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला कृत्रिम श्वास देण्याचे प्रशिक्षणही आरोग्यसेविकांना देण्यात आले. त्यासाठी आधी तोंडाने, पुढे नळी व मुखवटा आणि त्यानंतर फुगा व मुखवटा वापरण्यात आला.

जंतुदोष, म्हणजे रक्तात किंवा शरीरात पसरलेला गंभीर संसर्ग, हे नवजात मृत्यूचे एक प्रमुख कारण होते. त्याचे निदान प्रयोगशाळेविना करता यावे म्हणून संशोधकांनी घरी पाहता येतील अशी लक्षणे निश्चित केली. त्यांत पुढील बाबींचा समावेश होता:

• आधी जोमदार असलेले रडणे क्षीण होणे किंवा थांबणे
• आधी नीट दूध ओढणाऱ्या बाळाचे ओढणे कमी होणे किंवा थांबणे
• बाळ सुस्त किंवा बेशुद्ध होणे
• अंग गरम किंवा थंड लागणे
• त्वचेवर किंवा नाळेत पू होणे
• जुलाब, सतत उलट्या किंवा पोट फुगणे
• कण्हणे किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे

यांपैकी किमान दोन लक्षणे एकाच वेळी आढळल्यास जंतुदोषाचे निदान केले जाई. पहिल्या दोन लक्षणांत ‘आधी’ या शब्दाला विशेष महत्त्व आहे. बाळाच्या स्थितीत झालेला बदल ओळखण्यासाठी त्याला पूर्वी पाहिलेले असावे लागते. एकदाच तपासणाऱ्या व्यक्तीपेक्षा वारंवार घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेला हा बदल ओळखणे अधिक सुकर होते. निदानानंतर पालकांना बाळ रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला जाई. त्यांनी नकार दिल्यास त्यांच्या संमतीने आरोग्यसेविका जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडावाटे कोट्रायमोक्साझोल देत असे.

निष्कर्ष

इ.स. १९९७-९८ या तिसऱ्या वर्षी प्रयोग क्षेत्रातील ९३ टक्के नवजात बालकांना घरपोच सेवा मिळाली. त्या वर्षी नवजात मृत्युदर दर हजारी २५.५ इतका खाली आला. तुलना क्षेत्रात तशी घट झाली नाही. दोन्ही क्षेत्रांतील बदलांची तुलना करता नवजात मृत्युदरातील निव्वळ घट ६२.२ टक्के, तर अर्भक मृत्युदरातील निव्वळ घट ४५.७ टक्के होती. जंतुदोष झालेल्या बालकांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. प्रत्येक बालकामागे सुमारे ५.३ अमेरिकी डॉलर खर्च आला. सेवा मिळालेल्या दर १८ बालकांमागे एक मृत्यू टळला, असा संशोधकांचा हिशेब होता.

इ.स. २००३ पर्यंतच्या माहितीवर आधारित लेखमाला इ.स. २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार कमी वजनाच्या बालकांमधील मृत्यूचे प्रमाण ११.३ टक्क्यांवरून ४.७ टक्क्यांवर, तर अकाली जन्मलेल्या बालकांमध्ये ते ३३.३ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर आले. ही घट घरीच दिलेल्या काळजीमुळे झाल्याने अशा बालकांना जगवण्यासाठी प्रत्येक वेळी अतिदक्षता विभाग आवश्यक असतो, या समजुतीला छेद मिळाला.

सेवेची गुणवत्ता

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता मोजण्यासाठी अवेडिस डोनाबेडियन यांनी इ.स. १९६६ मध्ये तीन अंगे सुचवली: रचना (इमारत, मनुष्यबळ, साधने), प्रक्रिया (रुग्णासाठी प्रत्यक्ष काय केले गेले) आणि परिणाम (रुग्णाचे पुढे काय झाले). गडचिरोलीच्या प्रयोगात रचना अत्यंत साधी होती. वजनकाटा, तापमापक, घड्याळ आणि मोजकी औषधे एवढीच साधने आरोग्यसेविकेजवळ असत. भर होता तो प्रक्रियेवर. नोंदी आणि निदान यांची पडताळणी दर पंधरा दिवसांनी गावात येणारा डॉक्टर करीत असे. प्रशिक्षणाची उजळणी वारंवार होई. प्रत्येक जन्म आणि मृत्यूची स्वतंत्र नोंद होत असल्याने परिणामही तपासता येत असे.

सेवा उपलब्ध असणे आणि ती गुणवत्तापूर्ण असणे यांतील अंतर पुढील संशोधनात अधिक स्पष्ट झाले. मार्गारेट क्रुक व सहकाऱ्यांनी इ.स. २०१८ मध्ये १३७ अल्प व मध्यम उत्पन्न देशांतील इ.स. २०१६ च्या टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार अशा सुमारे ८६ लाख मृत्यूंपैकी ५० लाख मृत्यू सेवा घेऊनही ती निकृष्ट असल्याने, तर ३६ लाख मृत्यू सेवा न घेतल्याने झाले.

इतरत्र पडताळणी

महाराष्ट्रातील सात स्वयंसेवी संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पांतर्गत इ.स. २००१ नंतर ही पद्धत आपापल्या क्षेत्रांत राबवली. तेथे नवजात मृत्युदर सुमारे निम्म्याने घटला. उत्तर प्रदेशातील शिवगढ येथील यादृच्छिक चाचणीत (इ.स. २००८) प्रतिजैविक औषधांविना, केवळ उब, स्तनपान व स्वच्छता यांविषयीच्या सवयी बदलून ५४ टक्के घट आढळली. बांगलादेशातील सिल्हेट येथे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरपोच सेवेच्या गटात अखेरच्या सहा महिन्यांत ३४ टक्के घट नोंदली गेली. इ.स. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस करणारे संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले.

शासकीय यंत्रणेमार्फत मोठ्या प्रमाणावर राबवलेल्या सेवांचा परिणाम तुलनेने कमी दिसतो. हरियाणात गृहभेटींचा समावेश असलेल्या एका एकात्मिक बालसेवा कार्यक्रमाची चाचणी इ.स. २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अर्भक मृत्यूची जोखीम सुमारे १५ टक्के कमी आढळली.

राष्ट्रीय कार्यक्रम

इ.स. २०११ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी द्यावयाच्या असतात. घरी जन्म झाल्यास पहिल्या दिवशीही भेट अपेक्षित असते. भेटी पूर्ण केल्यावर तिला २५० रुपये मोबदला मिळतो. इ.स. २०१८ मध्ये पंधरा महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठी पुढील गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला.

मूळ प्रयोग आणि राष्ट्रीय कार्यक्रम यांत महत्त्वाचा फरक आहे. आशा कार्यकर्तीचे काम धोक्याची लक्षणे ओळखणे आणि बाळाला रुग्णालयात पाठवणे एवढ्यापुरते प्रामुख्याने मर्यादित आहे. तिच्यावर जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची जबाबदारी नाही. रुग्णालयात नेणे शक्य नसल्यास परिचारिकेने (एएनएम) हे इंजेक्शन देण्याची मुभा केंद्र सरकारने इ.स. २०१४ मध्ये दिली.

टीका व मर्यादा

• गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झाली नव्हती. त्यामुळे दोन क्षेत्रांतील फरकाचा काही भाग अन्य कारणांनी संभवतो. मूळ मृत्युदर जवळपास सारखे असणे हा यावरील अंशतः दिलासा आहे.
• प्रयोगात अनेक उपाय एकत्र योजले होते. त्यांपैकी कोणत्या उपायाचा वाटा किती, हे काटेकोरपणे वेगळे करणे कठीण आहे.
• एका संस्थेच्या निकट देखरेखीखाली मिळालेले यश मोठ्या शासकीय यंत्रणेत टिकेल का, हा प्रश्न उपस्थित केला जातो. मोबदला भेटींच्या संख्येशी जोडलेला असल्याने भेटीचा दर्जा मागे पडण्याची शक्यता असते.
• इ.स. २००५ नंतर जननी सुरक्षा योजनेमुळे रुग्णालयातील बाळंतपणे झपाट्याने वाढली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार देशातील हे प्रमाण इ.स. २००५-०६ मधील सुमारे ३९ टक्क्यांवरून इ.स. २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्के झाले. त्यामुळे घरच्या बाळंतपणांभोवती रचलेल्या पद्धतीची गरज कमी झाली, असे एक मत आहे. आई व बाळ काही दिवसांतच घरी परततात आणि उरलेला धोक्याचा काळ घरीच जातो, असे गृहभेटींचे समर्थक यावर सांगतात.

हेही पाहा

• अभय बंग
• राणी बंग
• आशा कार्यकर्ती
• अर्भक मृत्युदर
• गडचिरोली जिल्हा